पावती आहे, पण दिसत नाही

"ताई, मी देवगडला घरून काम करते. आंबा बागायतदारांच्या एका संस्थेसाठी पेट्यांच्या नोंदी आणि पावत्यांचं सॉफ्टवेअर आम्ही चार जण मिळून लिहितोय. वेबसाइटसाठी जँगो (पायथनमधली चौकट), डेटाबेस पोस्टग्रेस आणि हिशेबाच्या कामांसाठी सेलेरीचा वर्कर, म्हणजे रांगेतली कामं मागे वेगळा चालून करणारा प्रोग्रॅम. पावती आणि तिच्या पेट्या एका अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये (सगळं सेव्ह, नाहीतर काहीच नाही) सेव्ह होतात आणि तिथेच शेवटच्या ओळीत वर्करला काम पाठवतो. तो बागायतदाराच्या खात्यावर रक्कम चढवतो, मोबाइलवर मेसेज टाकतो. वेबसाइटवर हाताने केलं तर एकदाही चुकत नाही. टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम, मात्र छळतात. टेस्टमध्ये पावती सेव्ह केली, आयडी छापून बघितला, ४१. गिटहबवर (आमचा कोड ठेवायची ऑनलाइन जागा) टेस्ट चालते तेव्हा वर्कर म्हणतो, ४१ नंबरची पावतीच नाही. माझ्या लॅपटॉपवर त्याला ४१ सापडते, पण भलत्याच बागायतदाराची! आणि मी टेस्टमध्ये एकच पावती केली होती, मग ४१ कुठून आले? दुसरी टेस्ट 'सर्वात ताजी पावती' तपासते. ती कधी पास, कधी फेल. पावतीची वेळ जुन्या टेबलात डेटाबेसच भरतो. मध्ये दोन सेकंदांचा स्लीप (थांबा) घातला, काही फरक नाही. तिसरी 'आजच्या पेट्या'ची. ती रात्री दोनला आपोआप चालते तेव्हा फेल, सकाळी मी चालवली की पास. सर म्हणतात, फेल झाली तर पुन्हा चालव, हिरवी झाली की पुढे जा. आजी म्हणते, लॅपटॉपची दृष्ट काढ. हंगाम तोंडावर आलाय. काय करू?
पेटीच्या हिशेबात अडकलेली, देवगड"

अगं, आजीचं ऐकायला काहीच हरकत नाही. मीठमोहऱ्या ओवाळायला दोन मिनिटं लागतात आणि लॅपटॉपला त्याने अपाय होत नाही. सरांचं मात्र ऐकू नकोस. तुझ्या पत्रात मला चार-पाच वेगवेगळी दुखणी दिसतायत आणि त्यातली निदान तीन तुमच्या खऱ्या सॉफ्टवेअरची आहेत. ती टेस्टमध्ये आधी दिसली, इतकंच. 'पुन्हा चालव' म्हणत बसलात तर तीच दुखणी एप्रिलमध्ये बागायतदार फोन करून सांगतील.

आधी कोड बदलणं थांबव. स्लीप काढून टाक. आज संध्याकाळी फक्त बघायचं काम कर, आणि ते असं.

टेस्टमध्ये पावती सेव्ह होते त्याच्या खालच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लाव आणि टेस्ट चालव. टेस्ट तिथे थबकेल. तिथल्या तिथे पावत्यांची संख्या विचार. उत्तर येईल १. आता ती खिडकी तशीच उघडी ठेवून शेजारी दुसरं टर्मिनल उघड आणि पीएसक्यूएलने (पोस्टग्रेसला थेट प्रश्न विचारायचं साधन) टेस्टच्या डेटाबेसमध्ये जा. नाव नीट बघ हं. जँगो टेस्टसाठी वेगळा डेटाबेस बनवतो आणि मूळ नावाच्या आधी 'टेस्ट_' लावतो. तुमचा डेटाबेस 'बाग' असेल, तर हा 'टेस्ट_बाग'. तिथे तोच प्रश्न विचार: पावत्या किती? उत्तर येईल ०.

पुन्हा पहिल्या खिडकीत विचार. १. पुन्हा दुसरीत. ०. पाच-सहा वेळा कर हे, हसू नकोस. एकाच डेटाबेसला एकाच मिनिटाला दोन दारांतून विचारलं, दोन उत्तरं आली आणि दोन्ही खरी आहेत. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं अर्धं पत्र तुझं तुलाच सुटेल. (बघून झालं की दुसरी खिडकी बंद कर. नाहीतर टेस्ट संपल्यावर जँगो टेस्टचा डेटाबेस पुसायला जाईल आणि पोस्टग्रेस त्याला सांगेल की हा डेटाबेस अजून दुसरं कोणीतरी वापरतंय. मग त्या एररमागे आणखी एक तास जातो.)

तुझ्या घरी आढी लावत असतीलच. आतल्या खोलीत गवतात किती डझन आंबा आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. रस्त्यावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या लेखी मात्र तुमच्याकडे आंबा नाही, कारण तुम्ही तो अजून बाहेर मांडलेला नाही. कमिट म्हणजे बाहेर मांडणं. जँगोची नेहमीची टेस्टकेस प्रत्येक टेस्टच्या आधी ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांचा गठ्ठा) उघडते आणि टेस्ट संपली की सगळं रोलबॅक, म्हणजे रद्द, करते. मध्ये खरा कमिट कधी होतच नाही. तुझा अ‍ॅटॉमिक ब्लॉक टेस्टमध्ये संपतो तेव्हा फक्त आतला सेव्हपॉइंट (मधली खूण) मिटतो, बाहेरचं ट्रान्झॅक्शन उघडंच असतं. म्हणून तर शेकडो टेस्ट झरझर चालतात आणि टेबलं शेवटी स्वच्छ राहतात. चांगली सोय आहे, तिला नावं ठेवू नकोस. पण वर्कर वेगळा प्रोसेस आहे, त्याचं डेटाबेसशी कनेक्शन वेगळं आहे. तो रस्त्यावरचा गिऱ्हाईक. त्याला आढी दिसायची नाही. गिटहबवर तो म्हणाला 'पावतीच नाही', ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

कुणीतरी तुला सांगेल की आयसोलेशनची (एकाचं लिखाण दुसऱ्याला कधी दिसावं याची) पातळी 'रीड अनकमिटेड'वर आण म्हणजे दिसेल. पोस्टग्रेसमध्ये तसं मागता येतं, पण तो वागतो 'रीड कमिटेड'सारखाच. दुसऱ्याचं अर्धवट लिखाण तो कुठल्याच सेटिंगमध्ये दाखवत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये दिसतं. तिथेही मी ते करणार नाही.

आता ४१ चं. तुझ्या संस्थेत अजून छापील पावतीपुस्तक असेल तर ते आठव. लिहिताना चूक झाली तर पावतीवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहितात आणि पुढचं पान घेतात. रद्द झालेला नंबर परत कुणाला देत नाहीत. पोस्टग्रेसची सिक्वेन्स (आयडीचे नंबर वाटणारी सोय) तशीच आहे. रोलबॅकने रेकॉर्ड गेलं तरी घेतलेला नंबर परत जमा होत नाही. या टेस्टच्या आधीच्या टेस्टनी चाळीस नंबर वापरून टाकले, तुझ्या वाट्याला ४१ आला. उद्या कुणी वर एक टेस्ट वाढवली तर ४२ येईल. म्हणून टेस्टमध्ये 'आयडी १ ची पावती आण' असं कुठे लिहिलं असेल तर आजच शोधून काढ. ती टेस्ट एकटी चालवली की पास होईल आणि सगळ्यांबरोबर फेल.

लॅपटॉपवर सापडलेली ४१ मात्र वेगळ्याच कारणाची आहे, आणि ती जास्त काळजीची आहे. माझा अंदाज सांगते, खातरजमा तू कर. सकाळी तू एका टर्मिनलमध्ये वर्कर सुरू करतेस, नेहमीच्या सेटिंगने. तो 'बाग'ला जोडलेला असतो. मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये टेस्ट चालवतेस, ती 'टेस्ट_बाग'वर. कामांची रांग मात्र दोघांची एकच. टेस्टने रांगेत जी चिठ्ठी टाकली तिच्यावर फक्त '४१' लिहिलेलं असतं, कुठल्या वहीतली, म्हणजे डेटाबेसमधली, ४१ ते लिहिलेलं नसतं. वर्करने चिठ्ठी उचलली, स्वतःच्या वहीत ४१ उघडली, आणि तिथे तू कधीतरी हाताने टाकलेली दुसऱ्याच बागायतदाराची पावती बसलेली. तिचा त्याने इमानेइतबारे हिशेब केला.

खातरजमा सोपी आहे. टेस्टमध्ये आणि वर्करच्या कामात, दोन्हीकडे पहिल्या ओळीत पोस्टग्रेसला दोन गोष्टी विचारून छाप: चालू डेटाबेसचं नाव आणि बॅकएंडचा पीआयडी (हे कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोसेसचा नंबर). नावं वेगळी आली तर वही चुकली. नाव एक आणि पीआयडी वेगळे आले तर कनेक्शन दोन, म्हणजे आढीची गोष्ट. दोन्ही सारखं आलं तर तिसरंच काहीतरी आहे, मला पुन्हा लिही. एवढ्या दोन ओळी छापायचं सोडून लोक तीन-तीन दिवस मॉडेलचा कोड वाचत बसतात. रेकॉर्ड हरवलं म्हटलं की मी आधी विचारते, लिहिलं कुणी, शोधतंय कोण, आणि दोघं एकाच वहीत बघतायत का.

म्हणजे लॅपटॉपवर एक आजार आणि गिटहबवर दुसरा. तक्रार दिसायला एकच होती. म्हणूनच एका ठिकाणी लागू पडलेला उपाय दुसरीकडे फुकट जायचा.

हे झालं टेस्टचं. आता ज्यासाठी मी सरांचं ऐकू नकोस म्हटलं ते. हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी आत साका झालाय की नाही ते कापल्याशिवाय कळत नाही. तुझ्या टेस्टने तुमचं फळ कापून दाखवलंय. अ‍ॅटॉमिक ब्लॉकच्या आत शेवटच्या ओळीवर वर्करला काम पाठवता, असं तूच लिहिलंस. त्या ओळीवर पावती अजून कमिट झालेली नसते. ब्लॉक संपल्यावर होते. मधे काही मिलिसेकंद जातात. वेबसाइटवर तू हाताने पावती करतेस तेव्हा कमिट आणि वर्कर यांच्यात शर्यत लागते आणि तुझ्या रिकाम्या लॅपटॉपवर दर वेळी कमिट जिंकतो. हंगामात गाड्या भरायच्या वेळी सगळे एकदम पावत्या करायला लागतील, डेटाबेसला दम लागेल, कमिट रेंगाळेल, आणि वर्कर मोकळा बसलेला असेल तर तो आधी पोचेल. मग 'अशी पावतीच नाही' हे वाक्य खऱ्या लॉगमध्ये येईल आणि खऱ्या माणसाच्या खात्यावर रक्कम चढणार नाही.

याची आणखी वाईट बाजू आहे. चिठ्ठी रांगेत पडली आणि नंतर कमिटच फसला, तर? जँगो पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्यातल्या ओळीकडे बोट दाखवणारा दुवा) अशी बनवतो की तिची तपासणी कमिटच्या क्षणापर्यंत लांबते, त्यामुळे फसण्याची वेळ नेमकी तीच असू शकते. पावती नाही, पण चिठ्ठी निघून गेलेली.

उपाय एका ओळीचा आहे. काम थेट पाठवण्याऐवजी जँगोच्या 'ऑन कमिट'ला सोपव, म्हणजे कमिट झाल्यावरच चिठ्ठी रांगेत पडेल आणि कमिट फसला तर पडणारच नाही. सेलेरी ५.४ पासून जँगोसाठी 'डिले ऑन कमिट' अशी तयार सोयही आहे. बघून झालं की हे लगेच कर, टेस्ट हिरवी होवो वा न होवो.

आणि ती लगेच हिरवी होणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे घाबरायला नको. टेस्टकेसमध्ये कमिट होतच नाही, मग 'कमिट झाल्यावर' करायचं काम तरी कधी होणार? वर्कर गप्प बसेल. त्यासाठी जँगो ३.२ पासून टेस्टकेसमध्ये 'कॅप्चर ऑन कमिट कॉलबॅक्स' आहे. पावती करणारी ओळ त्याच्या आत घाल. तो कमिटनंतरच्या कामांची यादी तुझ्या हातात देतो आणि 'एक्झिक्यूट' खरं ठेवलंस तर ती कामं चालवूनही दाखवतो. मी आधी यादीची लांबी तपासते. एका पावतीला काम एकच असायला हवं. दोन निघाली तर बागायतदाराला दोन मेसेज जाणार.

मग टेस्टमध्ये खरा वर्कर ठेवायचा की नाही? माझं मत, ठेवू नये. हिशेबाचं काम शेवटी एक साधं फंक्शन आहे. टेस्टमध्ये ते थेट हाक मारून चालव, त्याच कनेक्शनवर चालेल, पावती दिसेल. रांगेत चिठ्ठी पडते की नाही ते वेगळं तपास. सेलेरीचा 'इगर' मोड लोक सर्रास लावतात, त्यात काम रांगेत न जाता तिथल्या तिथे चालतं. सोयीचा आहे, पण त्याचा एक धोका तुझ्याच बाबतीत बघ: तुझा आधीचा, अ‍ॅटॉमिकच्या आत काम पाठवणारा चुकीचा कोड इगरमध्ये बिनबोभाट पास झाला असता. त्याच कनेक्शनवर चाललं, पावती दिसली, टेस्ट हिरवी, दोष जागच्या जागी. गिटहबवर खरा वर्कर लावायची बुद्धी तुमच्यापैकी ज्याला झाली त्याला माझ्यातर्फे एक चहा.

अगदीच खऱ्या वर्करसकट एखादी टेस्ट हवी असेल तर तेवढीच 'ट्रान्झॅक्शन टेस्टकेस'वर लिही. ती खरा कमिट करते आणि टेस्ट संपल्यावर टेबलं रिकामी करते. पण तिच्याकडे जाण्याआधी माझी फजिती ऐक, कारण तू सरळ त्याच खड्ड्याकडे चालली आहेस.

मी तेव्हा एका छोट्या टीममध्ये होते. आमच्याकडे मालाच्या प्रतींची यादी मायग्रेशनमधून (टेबलं बनवणाऱ्या-बदलणाऱ्या स्क्रिप्टमधून) भरली जायची. तुमच्याकडे चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेट्यांची यादी असते तशीच समज. मी एक टेस्ट ट्रान्झॅक्शन टेस्टकेसवर नेली. पास झाली. दुसऱ्या दिवशी आणखी एक नेली. ती फेल, 'अशी प्रत नाही'. एकटी चालवली, पास. बरं, म्हणून पुन्हा सगळ्या चालवल्या, तर आता ज्या टेस्टना मी हातही लावला नव्हता त्या फेल! शेजारी बसणाऱ्याच्या मशीनवर मात्र निम्म्याहून जास्त पास. मी पोस्टग्रेस पुन्हा टाकला. मशीन बदलून मागितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, थकून, दुसऱ्या खिडकीतून प्रतींच्या टेबलात डोकावले. रिकामं.

झालं असं होतं. टेबलं रिकामी करताना जँगो मायग्रेशनने भरलेला डेटाही पुसतो, त्याला तुमचा-माझा भेद नसतो. पहिल्या ट्रान्झॅक्शन टेस्टला यादी मिळाली, तिने जाताना घर झाडून नेलं, दुसरीला रिकामं घर. जँगो साध्या टेस्टकेस आधी चालवतो आणि या नंतर, त्यामुळे एका फेरीत बाकीच्यांना झळ लागत नाही. पण दुसरी टेस्ट एकटी चालवली तेव्हापासून मी वेळ वाचवायला 'कीपडीबी' लावलं होतं. म्हणजे टेस्टचा डेटाबेस फेरी संपल्यावर तसाच राहायचा, पुढच्या फेरीला मायग्रेशन झालेलीच असायची, यादी पुन्हा भरायचं कुणाला कारणच नाही. शेजाऱ्याने ते लावलं नव्हतं, त्याचा डेटाबेस दर फेरीला नवा. उपाय दोन: अशा टेस्टमध्ये 'सीरियलाइज्ड रोलबॅक' (पुसलेला मूळ डेटा पुन्हा भरणारी सोय) चालू करायचा, किंवा लागणारी यादी टेस्टने स्वतःच भरून घ्यायची. पहिल्याने टेस्ट मंदावतात. मी दुसरा करते. टेस्टला लागणारं सामान टेस्टच्याच पिशवीत असावं, शेजारणीकडे साखर आहे असं धरून चुलीवर आधण ठेवू नये.

आता 'सर्वात ताजी पावती'. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य म्हणजे दोन सेकंद स्लीप घालूनही फरक पडला नाही. पडणारच नव्हता. वेळ डेटाबेस भरतो म्हणालीस, म्हणजे त्या रकान्याचा डीफॉल्ट 'नाऊ' असणार. पोस्टग्रेसचा 'नाऊ' घड्याळातली वेळ देत नाही, ट्रान्झॅक्शन सुरू झालं ती वेळ देतो, आणि ते संपेपर्यंत तीच देत राहतो. तुझी सगळी टेस्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आहे. पहिली पावती, दोन सेकंदांची झोप, दुसरी पावती, आणि दोघींची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत तीच. दुसरी खिडकी इथे कामाची नाही, पावत्या तिला दिसणारच नाहीत. ब्रेकपॉइंटवरच दोन्ही वेळा छाप, शेवटच्या अंकापर्यंत सारख्या दिसतील.

दोघी एकाच वेळेच्या, मग 'ताजी' कोणती ते पोस्टग्रेसला माहीत नाही. तो हाताला येईल ती देतो. बहुतेकदा ज्या क्रमाने लिहिल्या त्या क्रमाने हाताला येतात, म्हणून टेस्ट नशिबाने पास होते. मध्ये एखादी पावती अपडेट झाली की पोस्टग्रेस त्या ओळीची नवी आवृत्ती लिहितो, जागा बदलते, आणि टेस्ट फेल. वेळेनंतर आयडीवरही उतरत्या क्रमाने लाव, एवढं पुरे. 'नाऊ'च्या जागी 'क्लॉक टाइमस्टॅम्प' (घड्याळातली खरी वेळ) घालूनही टेस्ट सुधारेल, पण मी क्रमच दुरुस्त करीन. कारण तुम्ही कधीतरी मागच्या हंगामाच्या पावत्या एक्सेलमधून एका ट्रान्झॅक्शनमध्ये चढवाल, त्या सगळ्यांची वेळ एकच पडेल आणि हाच घोळ खऱ्या स्क्रीनवर येईल.

रात्री दोनची टेस्ट मला पत्र वाचतानाच कळली. 'रात्री फेल, सकाळी पास' ऐकलं की आधी साडेपाच तास आठवायचे. आपलं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, ५ तास ३० मिनिटं पुढे. आपल्याकडे रात्रीचे बारा ते पहाटे साडेपाच वाजत असतात तेव्हा यूटीसीत अजून काल असतो. कुठेतरी 'आज' काढताना तुम्ही जँगोच्या 'टाइमझोन नाऊ'ची तारीख घेतली असणार. ती यूटीसीची तारीख. 'लोकलडेट' (आपल्या वेळेनुसारची तारीख) घ्या आणि सेटिंगमध्ये एशिया/कोलकाता आहे ना ते बघा. रात्री उशिरा गाडी भरली तर त्या पेट्या 'आजच्या' यादीत दिसत नाहीत, हे संस्थेत अजून कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण रात्री दोनला रिपोर्ट कोण उघडतंय.

हे सकाळी उजेडी तपासायचं तर 'फ्रीझगन'ने पायथनचं घड्याळ रात्री दोनवर थांबवता येतं. फक्त लक्षात ठेव, थांबतं ते पायथनचं. पोस्टग्रेसचं घड्याळ चालूच. पायथन म्हणेल रात्रीचे दोन आणि डेटाबेस पावतीवर लिहील सकाळचे अकरा, आणि तू तिसऱ्याच भुताच्या मागे लागशील. तुमच्याकडे वेळ डेटाबेस भरतो, तेव्हा या टेस्टमध्ये पावतीची वेळ हाताने दे.

एक बारीकसं आधीच सांगून ठेवते. हिशेबाचं फंक्शन थेट चालवायला लागलीस की पुढची तक्रार येईल, 'डेटाबेसमध्ये रक्कम चढली, पण टेस्टमध्ये बागायतदाराची बाकी शून्यच दिसते'. टेस्टच्या सुरुवातीला जो बागायतदार तू हातात धरलास तो त्या क्षणाचा फोटो आहे. फंक्शनने स्वतःसाठी वेगळा आणून बदलला. तपासण्याआधी 'रिफ्रेश फ्रॉम डीबी' कर.

सरांशी भांडू नकोस. हंगाम तोंडावर असताना लाल टेस्ट कुणालाच नको असते, त्यांच्या डोक्यावरही संस्थेचा तगादा असेल. दोन खिडक्या शेजारी उघडून त्यांना १ आणि ० दाखव, बोलणं कमी लागेल. आणि पुन्हा चालवायचीच असेल तर दुसऱ्या तऱ्हेने चालव: जँगो ४.० पासून टेस्टना 'शफल' देता येतो, क्रम पिसून चालवतो आणि पिसण्याचा आकडा छापतो. फेल झाली की तोच आकडा देऊन अगदी तोच क्रम पुन्हा आणता येतो. एकमेकींच्या आधाराने उभ्या असलेल्या टेस्ट त्यात पटापट पडतात.

क्रम असा ठेव: आधी दोन ओळी छापून डेटाबेसची नावं बघ, मग 'ऑन कमिट', मग तारीख. ताज्या पावतीचा क्रम त्यानंतर एका दुपारचं काम आहे. टेस्टसाठी कामांची रांगही वेगळी कर, नाहीतर तुझ्या टेस्टच्या चिठ्ठ्या तो नेहमीचा वर्कर उचलतच राहील.

आणि आज झोपायच्या आधी 'बाग'मधल्या त्या ४१ नंबरच्या पावतीवाल्याचं खातं उघडून बघ. टेस्ट जितक्या वेळा चालली तितक्या वेळा वर्करने त्याच्यावर रक्कम चढवली असेल. तुमचा डेव्हलपमेंटचा डेटाबेस संस्थेच्या खऱ्या डेटाची प्रत असेल आणि मोबाइल नंबरही खरे असतील, तर वर्करचा लॉग काढून मेसेज किती गेले ते मोज, आणि त्या गृहस्थांना उद्या सकाळी तूच फोन कर.